चुडाव्याचा समुद्र

पार्सल आलं ते तात्यारावांच्या नावानं, आणि तात्याराव जाऊन दोन पावसाळे उलटले होते. पोस्टमन आश्रुबानं ते ओट्यावर ठेवलं आणि पिशवीचा पट्टा चाचपत नुसताच उभा राहिला. गेलेल्या माणसाच्या पार्सलावर सही कोणाची घ्यायची, हे त्याला खात्यानं शिकवलेलं नव्हतं.

"मी करते की," तात्यारावांची बायको सुलाबाई म्हणाली.

"मग हितं आंगठा उठवा, मावशी."

"आंगठा न्हाई. सही म्हणले मी."

आणि तिनं केली. उकार जरा लांबला, 'ल' पोटात फुगला, पण नाव उमटलं. आश्रुबानं कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, "वर्गानं लयच पराक्रम केला म्हणायचा," असं म्हणाला आणि सायकल घेऊन स्टेशनाकडं गेला. सुलाबाईला राग आला नाही. साठीला टेकलेल्या बाईनं पाटी हातात धरली की लोक हसतात, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. हसू देत बापडे, हसायला कुठं दमड्या पडतात!

खरं सांगायचं तर ती वर्गाला अक्षरांसाठी गेलीच नव्हती. तात्याराव गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की भांडं पडलं तरी तिला बरं वाटायचं. अशात अंगणवाडीच्या नर्मदाबाईनं दुपारचा साक्षरतेचा वर्ग विहारात सुरू केला. तिथं दहाजणी एका सुरात 'क, का, कि, की' ओरडायच्या. सुलाबाई त्या आवाजात जाऊन बसायची. अक्षरं काय, आपसूक डोक्यात शिरली.

पार्सलात एकाच कादंबरीच्या चार-पाच प्रती होत्या. वर रक्त ठिबकणाऱ्या अक्षरांत नाव: 'जलखवीस'. खाली लेखकाचं नाव. तात्याराव. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची तिला कधी सवय नव्हती. आता बोट ठेवून ते अक्षर अक्षर वाचताना तिला चारचौघांत घास भरवल्यासारखी लाज वाटली. मग तिची नजर चित्रावर गेली आणि लाज पार पळाली.

काळंभोर पाणी. त्यातून वर आलेला आठ हातांचा राक्षस. आणि त्याच्या एका हाताच्या विळख्यात एक बाई. केस मोकळे, तोंड उघडं, लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, आणि अंगात चोळी आहे की नाही याचा निर्णय चित्रकारानं वाचणाऱ्यावर सोपवलेला.

"ही कोण?" सुलाबाई मोठ्यानं म्हणाली.

आता हे तात्याराव कोण, तर चुडाव्याच्या स्टेशनावरचे पॉईंटमन. गाडी आली की दांडा ओढून रुळांचा सांधा बदलायचा, झेंडी दाखवायची, गाडी गेली की जेवणाचा डबा उघडायचा. प्रवासी बाकावर विसरून गेलेल्या कादंबऱ्या ते घरी आणायचे. खून, भुतं, कवट्या असलाच सगळा माल. वाचता वाचता लिहायला लागले. लिहायला बसले की घराकडं पाठ; लोखंडी पेटी पुढं ओढायची, तिच्यावर कागद, आणि तोंड भिंतीकडं. त्यांच्या पाठीमागं सुलाबाई तांदूळ निवडत बसलेली. अशी दोघांची वर्षं गेली. लेकरू झालं नाही. झालं असतं तर निदान त्याच्यावर तरी दोघं मिळून ओरडले असते.

आणि सुलाबाईचं एक जुनं दुखणं होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, त्या रागानं अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाड्यात गावोगावच्या वस्त्या पेटल्या, त्यात यांचंही घर गेलं. माणसं वाचली. तात्यारावांनी तिला निजामाबादच्या गाडीत बसवलं, तिच्या भावाकडं, नागनाथकडं पाठवलं, आणि स्वतः ड्युटीवर राहिले. रात्री स्टेशनाच्या खोलीत निजायचे, सवड मिळेल तसं घर उभारायचे. ती गेली ती संक्रांतीनंतरच परतली.

त्या दिवसांत त्यांची कार्डं यायची. बायकोच्या नावानं नव्हे, मेहुण्याच्या. तेव्हाची रीतच ती. नागनाथ अंगणात उभा राहून खणखणीत आवाजात वाचायचा आणि सगळं घर, शेजारपाजार ऐकायला गोळा व्हायचं. छपराला पत्रे आणले. भिंत कमरेएवढी झाली. शेळी व्याली. सुलाबाई दाराआड उभी राहून शेवटपर्यंत कान देई. शेळीपर्यंत सगळ्यांचा उल्लेख असे, तिचा नसे.

"दाजींचं झकास चाललंय की, वन्सं," भावजय बायनाबाई हसायची. "तुमच्यावाचून काईच अडलं न्हाई बगा त्यांचं."

बायनाबाईनं ते थट्टेत म्हटलं, पण ते काट्यासारखं रुतून बसलं. तात्याराव तिला न्यायला आले, गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसले, आणि नव्या घरात पाऊल टाकल्यावर म्हणाले, "चूल कुटं मांडायची ते बग." पेटीवर कागदांचा जाड गठ्ठा होता. ती नसताना त्यांनी ही समुद्राची कादंबरी लिहायला घेतली होती. म्हणजे बायको नाही, कटकट नाही, मस्त लिहीत बसले होते! तू नव्हतीस तर करमलं नाही, एवढं एक वाक्य ते म्हणतील म्हणून तिनं त्या दिवशी वाट पाहिली, पुढं कितीतरी वर्षं पाहिली. तिनं विचारलं नाही. हे काय विचारायचं असतं? मागून घेतलेलं असलं काही कोणाच्या कामाला येतं का?

कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशकाकडं गेली आणि गडप झाली. शेंगदाण्याच्या पुड्या झाल्या असतील, असं सुलाबाई समजत होती. मनातून तिला बरंही वाटलं होतं. आणि आज, इतक्या वर्षांनी छापून, ती सवत चोळीशिवाय दारात उभी.

"बगतेच," ती म्हणाली आणि उंबऱ्याशी उजेडाला बसली.

वाचणं म्हणजे काय, रांगणं होतं ते. बोट ओळीवर, ओठ हलताहेत, एक पान होईस्तोवर नांदेडकडची गाडी निघून जायची. पहिल्या पानावर 'अथांग सागराच्या उदरात' असं होतं, तिथंच ती एक दुपार अडकली. नर्मदाबाईला विचारलं तर ती म्हणाली, लय खोल पाण्यात. मग तसं लिहायला काय झालं होतं? जहाजावर नांगर टाकल्याचं वाचून तर ती चक्रावली. पाण्यात कसली पेरणी करायलेत हे? तेही नर्मदाबाईनं समजावलं.

पण चार पानं पुढं गेल्यावर तिला नर्मदाबाईची गरज उरली नाही. कारण समुद्र संपला आणि चुडावा सुरू झाला. तात्यारावांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. रेल्वेचा फुकट पास होता, एकदा जाऊन बघून या म्हणून ती कितीदा मागं लागली होती. "पाह्यला तर मग लिव्हता यायचं न्हाई," असं त्यांचं उत्तर. त्यामुळं त्यांच्या जहाजाला बंदरातून निघताना हिरवी झेंडी मिळे. वादळ झालं की जहाज लेट होई. खलाशी डेकवर बाजा टाकून निजत आणि सकाळी ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊन कामाला लागत. कप्तान विक्रांत तेवढा गोरापान, उंच, पाईप ओढणारा. पण जहाजाला वळण द्यायचं झालं की तोही लोखंडी दांडा दोन्ही हातांनी खेचायचा, अगदी सांधा बदलल्यासारखा. सुलाबाईला हसू फुटलं. या घरात तात्यारावांमुळं ती हसली, याला किती वर्षं झाली असतील, तिला आठवेना.

राक्षसाची तिला भीती वाटली नाही. आपलं घर जळताना जिनं पाहिलं, तिनं आठ हातांच्या माशाला काय भ्यायचं? तो खलाशी एकेक करून ओढून नेत होता. नेऊ दे. ती वाट पाहत होती बाईची. आता येईल, मग येईल. वादळात सापडेल, दुसऱ्या जहाजावरून उडी मारील, कुठून तरी येईलच.

बाई आली नाही, पण एका दुपारी तिला वेगळंच काही सापडलं. राक्षस येण्याआधी म्हणे जहाजाच्या तळाला थापा पडत. 'जणू शंभर सुवासिनी एकाच वेळी भाकरी थापीत होत्या.' सुलाबाईचं बोट तिथंच थांबलं. हे तर तिचं बोलणं! लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा ती वस्तीतल्या बायकांबरोबर सहा डिसेंबरला दादरला गेली होती. तात्यारावांना जाता आलं नाही, त्या दिवसांत गाड्यांना ही गर्दी, सुट्टी कुठली मिळायला! परत आल्यावर त्यांनी विचारलं होतं, समुद्र कसा असतो. ती म्हणाली होती, लय पाणी, आणि दगडावर आपटतं तेव्हा शंभर बायका भाकरी थापायल्यासारखा आवाज येतो. तेव्हा ते नुसतं 'हूं' म्हणाले होते. तिला वाटलं, ऐकलंच नाही.

म्हणजे ऐकत होते तर. ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा येऊन बसली आणि ते वाक्य परत वाचलं. तिला बरं वाटलं आणि त्याच दमात रागही आला. माझा शब्द चालला, आणि मी नाही? भाकरी माझी आणि चित्रावर ही नटमोगरी?

शेवटी तिचा धीर सुटला. इतकं हळू रांगत गेलं तर ती बाई सापडेपर्यंत आपणच नसायचो. तिनं एक प्रत नर्मदाबाईला दिली. ती शिकलेली, भराभर वाचणारी. दोनच दिवसांनी वर्ग सुटल्यावर तिनं पुस्तक परत आणून दिलं.

"भारी लिव्हलंय, मावशी. मला तर रातीला बाहीर जायचं भेव वाटायलं व्हतं."

"ते ऱ्हाऊ द्या. बाई कवा येती?"

"कोन बाई?"

सुलाबाईनं चित्रावर बोट ठेवलं.

"आगं माय! तुमी तिच्यासाठी वाचायलाव व्हय?" नर्मदाबाई खळखळून हसली. "बाईच न्हाई सगळ्या पुस्तकात. चित्रवाल्यानं खपायसाठी घातलीय ती."

"एकबी न्हाई?"

"एकबी न्हाई. आन् शेवट तर लयच कटाळवाणा. राक्षस निघून जातो, आन् कप्तान नुसताच बसून ऱ्हातो. पानावर पान. काईच व्हत न्हाई. दमले असतील तात्याराव लिव्हून लिव्हून."

सुलाबाई घरी आली. सवत नव्हती, हे चांगलंच झालं. पण एकही बाई नाही म्हणजे मीसुद्धा नाही, हे तिला रस्त्यातच कळलं होतं. एवढं जाड पुस्तक. त्यात झेंडी आहे, सांधा आहे, ठेचा आहे, बाज आहे. स्टेशनावरचं कुत्रंसुद्धा जहाजावर नेलं होतं त्यांनी, शेपूट तुटलेलं. नेली नाही ती बायको. बायनाबाई खरंच बोलली होती. तिनं पुस्तक पालथं घातलं, वर डाळ पाखडायचं सूप ठेवलं आणि दोन-तीन दिवस त्याकडं बघितलं नाही.

पण रिकाम्या घरात राग किती दिवस पुरणार? भांडायला समोर माणूस लागतं. चौथ्या दिवशी दुपारी तिनं सूप बाजूला केलं. कंटाळवाणा तर कंटाळवाणा. त्यांच्याबरोबर इतकी वर्षं कंटाळ्यातच काढली, अजून एवढी पानं काय जड आहेत! आणि तिनं शेवटचं प्रकरण उघडलं.

जहाजावर आता कप्तान एकटाच उरला होता. राक्षसानं त्याला मात्र खाल्लं नव्हतं. तो रोज सकाळी तळाशी येई, थापा मारी, आणि कप्तान त्या आवाजानं जागा होई. पहिल्यांदा भिऊन, मग सवयीनं. पुढं पुढं कप्तान त्या थापांवर घड्याळ लावू लागला. आणि एका सकाळी थापा पडल्या नाहीत.

इथून नर्मदाबाईची ती कंटाळवाणी पानं लागली. सुलाबाई अक्षरावर अक्षर ठेवत गेली. कप्तानानं जहाज धुतलं. शिडाला ठिगळ लावलं. पाणी भरलं. राक्षस गेला, आता सुखानं झोपावं, तर त्याला झोप येईना. तो जहाजाच्या तळाशी उतरला आणि लाकडाला कान लावून बसला. दिवसभर बसला. पाणी नुसतं वाहत होतं.

मग त्यानं एक बाटली घेतली. चिठ्ठी लिहून समुद्रात सोडायची असं ठरवलं. सुलाबाई सावरून बसली. कप्तानाच्या मनात फार होतं, असं लिहिलं होतं. इतकं, की कागद पुरला नसता. पण लेखणी टेकवली आणि त्याच्या मनात आलं, ही बाटली सापडणार कोणाला? कुठल्या तरी किनाऱ्यावर कोणी परका माणूस ती फोडील. चार माणसं गोळा करील. उभा राहून खणखणीत आवाजात वाचील. आपल्या मनातलं असं अंगणात पसरायचं? लोक हसतील, आणि जिच्यासाठी लिहिलं तिला तोंड लपवायला जागा राहणार नाही.

सुलाबाईनं 'अंगणात' हा शब्द पुन्हा वाचला. समुद्राला कुठलं आलं अंगण?

म्हणून कप्तानानं चिठ्ठीत वारा कोणत्या दिशेचा आहे ते लिहिलं. शिडाला ठिगळ लावल्याचं लिहिलं. गोडं पाणी किती उरलं ते लिहिलं. बाटली सोडून दिली आणि ती दिसेनाशी होईस्तोवर तो कठड्याला धरून उभा राहिला. मग कोणी नाही असं बघून खाली वाकला आणि पाण्याशी बोलला. आणि पुस्तकभर छापील मराठी झाडणारा, पाईप ओढणारा तो गोरापान कप्तान तिथं चुडाव्यासारखं बोलला. ते बदलायचं एकतर प्रकाशकाच्या ध्यानात आलं नसेल, नाहीतर तो तिथपर्यंत वाचतच आला नसेल.

'समदं हाय. भिंत उबी ऱ्हायली. पर जेवण जाईना गेलंय. ये आता.'

जहाजावर भिंत! सुलाबाईनं ती ओळ पुन्हा वाचली. मग पुस्तक न बघता ती म्हणून पाहिली, तात्यारावांच्या आवाजात येते का ते बघायला. आली. त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेली ओळ, पण आवाज त्यांचाच, खालच्या मानेनं बोललेला. ती निजामाबादला होती त्या वेळी तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. काहीही लिहिलं असतं तरी ते आधी नागनाथच्या तोंडातून अंगणात पडलं असतं, बायनाबाईनं झेललं असतं, शेजारणींनी वाटून घेतलं असतं. बायकोशी बोलायला बिचाऱ्याजवळ जागाच नव्हती. म्हणून जाऊन समुद्रात बोलला, आणि समुद्र तरी कुठं पाहिला होता त्यानं! बरं, अंगण नसलेलं स्वतःचं घर उभं राहिलं, ती परत आली, मग तरी बोलायचं होतं. पण तोवर न बोलायची सवय झाली असेल. तिलाही झालीच होती की.

शेवटच्या पानावर फारसं काही नव्हतं. कप्तान वाट बघत बसला होता आणि कादंबरी संपली होती. राक्षस परत आला की नाही, ते लिहिलेलं नव्हतं.

सुलाबाई रडली. हुंदके दाबायचं काही कारण नव्हतं, ऐकायला कोण होतं? पोटभर रडली, पदरानं तोंड पुसलं आणि रडून झाल्यावर तिला जोरात राग आला. भिंतीकडं तोंड करून जिथं ते बसायचे, तिथं पेटी अजून होती. त्या पेटीकडं बघून ती बोलली. इतक्या वर्षांत त्यांच्याशी इतक्या मोठ्यानं ती कधी बोलली नव्हती.

"अवो, मला तरी कुटं जात व्हतं तितं? दादाच्या घरी दोन येळचं ताट समोर यायचं, आन् मी त्यातली भाकर गुपचूप म्हशीला घालायची. बायनाबाईला इचारा पायजे तर. तुमी निस्तं इचारलं असतं, सुले, जेवलीस का, तर सांगितलं नसतं का मी?"

स्टेशनात पूर्णेकडची गाडी येऊन थांबली, शिट्टी देऊन निघूनही गेली. सुलाबाई कान देऊन बसून राहिली, उत्तर येणार नाही हे माहीत असून.